ओहोटीच्या वाटेवर दोन विहिणी

लेकीनं आणि जावयानं आम्हा दोघी विहिणींना एकदमच आयर्लंडला बोलावलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणणार होते. विमानाचं भय नव्हतं. भय होतं ते विहिणीसोबत पंधरा-वीस दिवस काढायचं. लग्नाला तीन-चार वर्षं झाली होती, पण आमचं बोलणं "बरं हाय का?" आणि "बरंच हाय" याच्या पुढं कधी गेलं नव्हतं.

मी आमच्या ह्यांना म्हटलं, "तुम्ही पण चला की."

"पेरणी तोंडावर आलीय. मी समुद्र बघत बसू का?" हे म्हणाले.

तिकडं उमरग्यात विहिणीच्या नवऱ्याचं कापडाचं दुकान. शाळा उघडायच्या दिवसांत गणवेशाच्या गिऱ्हाइकाला टाकून ते निघणं शक्यच नव्हतं. म्हणजे आम्ही दोघीच.

मी बेंबळीची. गावातल्याच शाळेत पोरांना शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली. विहीणबाई लिंगायत, घरात निम्मं मराठी आणि निम्मं कानडी. लेक आणि जावई पुण्यात नोकरीला असताना भेटले, दोन्ही घरांनी थोडे आढेवेढे घेतले आणि लग्न झालं. मग दोन-तीन वर्षांच्या नोकरीसाठी दोघं आयर्लंडला गेली. आमच्यात भांडण असं कधी झालं नाही. पण एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली होती. लग्नानंतर विहीणबाई पहिल्यांदा बेंबळीला आल्या, तेव्हा मी पहाटेपासून चुलीपुढं होते. आमच्या घरात मटण शिजतं, म्हणून आठवडाभर आधीच ते बंद केलं होतं, त्यांच्यासाठी नवी कोरी भांडी काढली होती. आणि पानं वाढल्यावर त्यांनी पिशवीतून आपला डबा काढला. माझ्या आमटीला बोटसुद्धा लावलं नाही. मी आमटीची वाटी उचलून नेली, पण ते विसरले नाही.

हैदराबादेहून विमानात बसलो. खिडकीकडची जागा मी त्यांना दिली, त्यांनी ती मला परत दिली, शेवटी तिथं एक परका माणूस बसला आणि आम्ही दोघी त्याच्या टकलावरून ढग बघत गेलो.

जावयाच्या मनात होतं की आयर्लंडचा पश्चिमेचा किनारा आम्हाला गाडीतून दाखवायचा. तो अटलांटिक महासागराचा किनारा. सगळे कडे, कपारी आणि वारा. रस्ते आपल्या शेतातल्या गाडीवाटेएवढे, दोन्ही बाजूंनी रचलेल्या दगडांच्या भिंती. जावई गाडी चालवायचा, लेक शेजारी बसून वाट सांगायची, आणि मागच्या सीटवर आम्ही दोघी. आमच्या मध्ये दोन पिशव्या असायच्या. एक माझी, एक त्यांची. दोन्हींत शेंगाचटणी, दोन्हींत दशम्या. दोघींनी आपापल्या पिशवीतलं खायचं, असं न बोलताच ठरलेलं होतं.

रस्ता इतका अरुंद की समोरून गाडी आली की कुणीतरी एकानं मागं सरकून वाट द्यायची. जाणारा माणूस स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचा. हा तिथला रामराम. विहीणबाईंनी पहिल्या दिवशी ते बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला त्या मागच्या सीटवरून दोन्ही हात जोडून नमस्कार करू लागल्या. काही जण गोंधळायचे. एका म्हाताऱ्यानं मात्र गाडी थांबवली, काच खाली घेतली आणि आपलेही दोन्ही हात जोडले. त्या दिवशी विहीणबाई दिवसभर खुशीत होत्या.

जावयाला दीपगृहांचं वेड. उमरग्याचं पोरगं, समुद्र बघितला तो कॉलेजात गेल्यावर, पण आता कुठल्या टोकावर कुठलं दीपगृह आहे हे त्याला तोंडपाठ होतं. वाट वाकडी करून तो आम्हाला एकेक दाखवायचा. तिसऱ्या का चौथ्या ठिकाणी विहीणबाई गाडीतून उतरायलाच तयार होईनात.

"पुन्हा दिवाच हाय ना?"

"अव्वा, हा वेगळा आहे. ह्याच्यावर काळे पट्टे आहेत," जावई आईला म्हणाला.

"पट्टे हितनं दिसत्यात मला. लई गार वारा हाय, तुमी जाऊन या."

मग मीही त्यांच्यासोबत गाडीतच थांबले. दोघींनी काचेतून पट्टे बघितले.

भरती-ओहोटी त्यांना पहिल्यांदा भेटली ती एका लहानशा बंदरात. आम्ही दुपारी पोचलो तेव्हा पाणी पार आत गेलेलं, आणि होड्या चिखलात एका कुशीवर कलंडून पडलेल्या.

"अय्यो," विहीणबाई कळवळल्या, "ह्यांचं तळं आटलं की हो."

आमच्याकडच्या माणसाला दुसरं काय सुचणार? उन्हाळ्यात टँकरच्या आवाजाकडं कान लावून बसलेली माणसं आम्ही. मी म्हटलं, "आटलं नाही. ओहोटी आहे. सकाळी बघा." सकाळी पडदा सारला तर बंदर काठोकाठ, होड्या डुलतायत. विहीणबाई खिडकीशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मला नाश्त्याच्या टेबलावर बसवून म्हणाल्या, "तुमी मास्तरीण ना? सांगा मला."

मी एवढी वर्षं हा धडा पोरांना शिकवला होता. टेबलावरचा गोल पाव पृथ्वी केला, लोण्याची वडी चंद्र केली. चंद्र पाणी ओढतो, साधारण सहा तास पाणी चढतं, सहा तास उतरतं, असं सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं.

"चंद्र एवढा समुद्र ओढतोय, मग आमच्या विहिरीचं पाणी का न्हाय वर ओढत?"

"विहीर लहान असते."

"आमची लहान न्हाय," त्या म्हणाल्या आणि चंद्र पावाला लावून खाल्ला.

लेक हसून हसून लाल झाली. पण मी बघत होते, ती आणि जावई हल्ली हसता हसता मध्येच एकमेकांकडं बघून गप्प व्हायची. फोन आला की दोघं बाहेर जायची. काहीतरी होतं, आणि ते आम्हाला सांगायचं राहिलं होतं.

पुढं आम्ही एका बाईंच्या घरी उतरलो. वरच्या खोल्या त्या प्रवाशांना द्यायच्या आणि सकाळी खाऊ घालायच्या. घरासमोर वाळूचं मोठं मैदान, आणि त्याच्या पलीकडं हिरव्या गवताचं लहानसं बेट. बेटाच्या टोकाला बुटकं, पांढरं दीपगृह. ओहोटी असताना वाळूवरून चालत बेटावर जाता येतं, भरती आली की वाट बुडते. मालकीणबाईंनी वेळ सांगितली, लेकीनं मराठीत दोनदा समजावली. आम्ही चौघं निघणार, तोच जावयाचा फोन वाजला.

"तुम्ही दोघी हळूहळू पुढं व्हा," लेक म्हणाली. "आम्ही अर्ध्या तासात गाठतोच तुम्हाला."

दोघं टेकाडाकडं गेली, कारण फोनला रेंज तिथंच मिळायची. आम्ही वाळूत उतरलो.

थोडं चालल्यावर विहीणबाईंनी बूट-मोजे काढले, लुगड्याचा काठ वर खोचला आणि अनवाणी चालू लागल्या. मग मीही काढले. वाळू घट्ट होती, तिच्यावर पाण्याच्या वळ्या उमटलेल्या, नांगरलेल्या रानासारख्या. मध्ये मध्ये डबकी आणि त्यांत नखाएवढे खेकडे. विहीणबाई प्रत्येक डबक्यापाशी वाकायच्या. "नोड्री, नोड्री," म्हणायच्या, म्हणजे बघा बघा. आनंद झाला की त्यांची कानडी बाहेर पडते, हे मला त्या दिवशी कळलं.

बेटावर मालकाची खूण म्हणून पाठीवर निळा रंग लावलेल्या मेंढ्या चरत होत्या. माणूस एकही नाही. दीपगृहाचं दार बंद होतं.

"हितं दिवा कोण लावतं?"

"आता आपोआप लागतो."

"म्हंजी आत कुणीच न्हाय?"

"कुणी नाही."

त्यांना ते काही बरं वाटलं नाही. दाराला हात लावून त्या जरा थांबल्या. मग दीपगृहाच्या आवाराची बुटकी भिंत होती, तिच्या आडोशाला आम्ही बसलो. वारा तुटला, ऊन अंगावर आलं. किती दिवसांनी ऊन!

"झोपच लागंना मला हितं," त्या म्हणाल्या. "रात्री दहा वाजले तरी उजेड. डोळा मिटला की वाटतं, दुकान उघडायचं राहिलं."

"पोरं येईपर्यंत पडा थोडं."

पडा म्हटल्यावर त्या खरंच आडव्या झाल्या. बूट उशाला घेतले, डोक्यावरून पदर ओढला, आणि बघता बघता घोरू लागल्या. मी बसून राहिले. पोरं काही येईनात. अर्धा तास होऊन गेला असावा. मला भरतीची वेळ ठाऊक होती. उठवावं म्हणून एकदा हातही पुढं केला. पण इतकं निवांत झोपलेलं माणूस मी फार दिवसांत बघितलं नव्हतं. तोंड थोडं उघडं, कपाळावरच्या भस्माचे पट्टे घामानं पुसटलेले. म्हटलं, अजून थोडं.

उठून भिंतीवरून पाहिलं तेव्हा वाट गेली होती. लाटा वगैरे काही नाही, आवाज नाही. वाळूच्या जागी नुसतं चकाकतं पाणी, दोन्ही बाजूंनी येऊन मध्ये मिळालेलं.

"विहीणबाई, उठा. पाणी आलं."

त्या उठून बसल्या, उभ्या राहिल्या, पाण्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"तुमीच सांगितलं होतं ना, सहा तास वर आन् सहा तास खाली?"

"मीच सांगितलं होतं."

"मग?"

"तुम्ही झोपला होता."

"मग उठवायचं न्हाय व्हय?"

"तुम्हाला झोप लागली होती. उठवायचं जिवावर आलं."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. मला वाटलं, आता रागावतील. पण त्या एकदम खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हसू आवरेना त्यांना. त्यांचं बघून मलाही हसू फुटलं. आजूबाजूच्या मेंढ्या लांब पळाल्या.

हसून झाल्यावर मात्र भीती वाटली. चारी बाजूंनी पाणी, आमचे फोन तिथं बिनकामाचे. विहीणबाईंनी गळ्यातली चांदीची डबी उघडली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि डोळे मिटले. वारा वळून आला होता, पुडीतलं भस्म उडत होतं. मी त्यांच्यापुढं दोन्ही हातांनी पदर धरून आडोसा केला. त्यांची पूजा होईपर्यंत तशीच उभी राहिले. हात भरून आले, पण हलले नाही. डोळे उघडल्यावर त्यांनी अंगठ्यानं माझ्याही कपाळाला भस्म लावलं.

"भूक लागली," मग त्या म्हणाल्या.

पिशवी एकच होती, माझी. त्यांची गाडीत राहिली होती. मी दशमी आणि चटणी पुढं केली आणि मुद्दाम दुसरीकडं बघत बसले. त्यांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

"लसूण जास्त घालता तुमी."

"आमच्याकडं असाच लागतो."

"चांगली हाय." मग पुढचा तुकडा मोडत म्हणाल्या, "तुमाला राग आला होता ना? बेंबळीला मी डबा काढला तवा?"

मी मान हलवली.

"सासूबाई होत्या तवा. निघताना त्यांनीच डबा हातात दिला. म्हणाल्या, तिथलं खाल्लंस तर माझ्या ताटाला शिवू नको. मी तरी काय करणार? ह्या वयात सासू हाय म्हणून कुणाला सांगायची लाज. तुमच्या आमटीचा वास आला, तो डबा घशाखाली उतरंना मला. घरी जाऊन तसली आमटी दोनदा करून बघितली. जमली न्हाय."

"चिंचेऐवजी आमसूल घातलं असेल."

"चिंचच घातली होती."

"मग गूळ कमी पडला असेल."

बराच वेळ आम्ही आमटीवर बोललो. त्यांच्या सासूबाई जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्या दोघींचं कसं होतं, शेवटच्या दुखण्यात त्या म्हातारीनं विहीणबाईंचाच हात कसा धरून ठेवला, हे त्यांनी सांगितलं. सांगताना रडल्या नाहीत, फक्त दशमीचे बारीक तुकडे करत राहिल्या.

पलीकडच्या काठावर दोन ठिपके आले. लाल जाकीट लेकीचं. ती दोन्ही हात हलवत होती. आम्हीही हात हलवले. जावई पाण्यात उतरला, गुडघ्यापर्यंत आला, लेकीनं त्याला मागं ओढलं. मग ती दोघं काठावर एकमेकांना चिकटून उभी राहिली.

"ही पोरं आता परत यायची न्हाईत हो," विहीणबाई त्यांच्याकडं बघत म्हणाल्या.

मला कळलं की त्या पाण्याबद्दल बोलत नव्हत्या.

"तुम्हाला सांगितलं त्यांनी?"

"सांगितलं न्हाय. भिंतीतनं ऐकू येतं. हितं घर बघितलंय त्यांनी. आमाला सांगायचं कसं, ते ठरंना त्यांचं."

मला अंदाज होता, पण कुणी उघड बोललं नव्हतं. लेकीला धाराशिवच्या स्टेशनावर सोडायला गेले होते तेव्हाही मी म्हणाले होते, दोन-तीन वर्षं काय, अशी जातील.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"काय वाटायचं? रात्रभर रडून झालं माझं. म्हणून तर झोप न्हाय." त्यांनी नाक पुसलं. "आन् मला वाटायचं, तुमाला बरंच वाटत असंल. लेक सासूपासनं लांब राहिली म्हणून."

"मला वाटायचं, तुम्ही म्हणत असाल, सुनेनंच पोरगं तोडलं."

"म्हणले की. लई म्हणले. मनातल्या मनात." त्या हसल्या. "पण पोरगं माझंच हाय. त्याला लहानपणापासनंच लांबचं दिसतं."

मी त्यांचा हात धरला. हात खरखरीत होता, कापडाचे तागे उलगडून उलगडून झालेला. तसाच धरून आम्ही बसलो. पाणी चढायचं तेवढं चढलं, थोडं थांबलं, आणि मग हळूहळू उतरू लागलं. विहीणबाईंनी एक काळा दगड हेरून ठेवला होता. तो किती उघडा पडला, हे त्या दर थोड्या वेळानं मला सांगत होत्या.

वाट पुरती उघडी पडायच्या आधीच जावई आणि लेक पाणी तुडवत आले. दोघांचे चेहरे उतरलेले. दोघांनी मिळून आम्हाला जे झापलं, त्याला तोड नाही.

"वेळ सांगितली होती की नाही, आई?"

"अव्वा, तू तरी! मामी, तुम्ही शिक्षिका ना?"

"फोन लांबला, खाली येऊन बघतो तर वाट बुडालेली. आम्ही बोट बोलवणार होतो. मालकीणबाई म्हणाल्या, तिथं सुरक्षित आहेत, वाट बघा. दुर्बीण आणून दिली त्यांनी. आम्ही इकडं रडतोय, आणि दुर्बिणीतून बघितलं तर तुम्ही दोघी जेवताय!"

आम्ही खाली मान घालून ऐकून घेतलं. विहीणबाईंनी मला कोपरानं ढोसलं. पोरं एका सुरात बोलत होती, आणि आम्हाला दोघींना ते फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर जावयानं दोनदा घसा खाकरला. "अव्वा, मामी, तुम्हाला दोघींना एक सांगायचं होतं..."

"घर किती खोल्यांचं हाय?" विहीणबाईंनी विचारलं.

गाडी हळू झाली. लेक मागं वळून आमच्याकडं बघायला लागली. तिचे डोळे भरून आले होते.

"तीन," ती म्हणाली.

"मग दाखवा की. हितनं जवळच असंल, तर आजच."

ते घर एका गावाच्या कडेला होतं. समुद्र तिथून दिसत नव्हता, पण वाऱ्याला मिठाचा वास होता. दाखवणारा माणूस लेकीला आणि जावयाला वर घेऊन गेला. आम्ही दोघी सरळ मागच्या दारानं परसात गेलो. गवत माजलेलं, एका कोपऱ्यात गंजलेलं खोरं पडलेलं. विहीणबाईंनी ते उचललं आणि उकरायला लागल्या. माती काळीभोर निघाली, मुठीत दाबली तर पाणी सुटावं अशी ओली.

"मेथी येईल," मी म्हटलं.

"ऊन कुठाय? कोथिंबीर येईल."

"कोथिंबिरीला हे पाणी जास्त होईल."

वरच्या खिडकीतून जावई ओरडला, "अव्वा, खोरं ठेव! अजून घर घेतलं नाहीये आपण!"

"घेशील की," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आमी न्हाय म्हणलंय का?"

ते घर त्यांनी घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात लेकीनं परसात दोन्हींचं बी टाकलं. मेथी आली. कोथिंबीर अगदी थोडी उगवली, ती गोगलगायींनी खाल्ली. लेकीनं दोन्हींचे फोटो आम्हाला पाठवले, आणि विहीणबाईंचं म्हणणं असं की गोगलगायींनी खाल्ली, म्हणजे उगवली होती.